धागा तुटल्याची बातमी : भिवंडीचा यंत्रमाग आणि 'आर' भाषेतील चुकांची हाताळणी

मागावर धागा तुटला की तीन गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात : तुटल्याची बातमी कोणाला तरी कळावी लागते, माग थांबवायचा की चालू ठेवायचा याचा निर्णय व्हावा लागतो, आणि थांबवला असेल तर विणकाम पुन्हा नेमक्या कोणत्या ठिकाणाहून सुरू करायचे हे ठरवावे लागते. हातमागावर ही तिन्ही कामे एकाच विणकराच्या हातून इतक्या सहजपणे पार पडत की ती वेगवेगळी आहेत असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. यंत्रमागाने मात्र ती एकमेकांपासून सोडवली, आणि त्यांपैकी कोणते यंत्राकडे द्यायचे, कोणते माणसाकडे ठेवायचे आणि थांबण्यातले नुकसान कोणी सोसायचे, हा विणकामाच्या धंद्यातला कायमचा प्रश्न होऊन बसला. भिवंडीच्या यंत्रमाग धंद्याचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या भाषांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला, आणि संख्याशास्त्रासाठी घडवलेल्या 'आर' या भाषेने त्याला दिलेले उत्तर मागाच्या रचनेशी इतके मिळतेजुळते आहे की 'स्टॉप' आणि 'रीस्टार्ट' हे तिचे दोन कळीचे शब्द मागाच्या कारखान्यातही जसेच्या तसे चालावेत. प्रस्तुत लेखात या दोन इतिहासांची मांडणी एकमेकांच्या आधाराने केली आहे.

ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीच्या काठी वसलेले भिवंडी मुंबईहून नाशिकमार्गे आग्र्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे, आणि तिथल्या विणकामाची घडण बरीचशी या रस्त्याने केली. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत, उत्तर भारतातील मोमीन विणकरांची कुटुंबे याच वाटेने दक्षिणेकडे सरकली. त्यांपैकी काही मालेगावला स्थिरावली, काही भिवंडीपर्यंत पोहोचली, आणि सोबत आणलेल्या कसबाच्या बळावर त्यांनी येथे हातमाग उभे केले. पुढे तेलंगणातील पद्मशाली विणकरही मोठ्या संख्येने आले, पद्मानगर ही त्यांची वस्ती शहराचा ठळक भाग बनली, आणि कारखान्यातले रोजचे बोलणे उर्दू, हिंदी, मराठी आणि तेलुगू अशा भाषांच्या सरमिसळीतून होऊ लागले.

हातमागावर बसलेल्या विणकराचे पाय पावड्यांवर असतात, एका हातात धोट्याची दोरी असते आणि दुसऱ्या हाताने तो फणी पुढे ओढून आडवा धागा कापडाला ठोकत असतो. ताणा म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले उभे धागे आणि बाणा म्हणजे धोट्यातून जाणारा आडवा धागा. यांपैकी कोणताही तुटला तर फणीचा ठोका हाताला वेगळा लागतो, नजर तर कापडाच्या तोंडावर असतेच, आणि हात थांबला की माग आपोआप थांबतो, कारण मागाला चालवणारी शक्ती आणि चूक ओळखणारी शक्ती एकाच देहात असते. या मागाला चुकीची बातमी देणारी वेगळी यंत्रणा लागत नाही. ती गरज निर्माण झाली ती मागाची शक्ती माणसाकडून काढून घेतल्यावर.

एडमंड कार्टराइट याने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले, तरी त्यानंतर जवळजवळ अर्धशतक यंत्रमाग हातमागाला निर्णायकपणे मागे टाकू शकला नाही. त्यामागील कारणांत एक मोठे कारण असे की वाफेच्या शक्तीवर चालणारा माग बाणा तुटल्यावरही तितक्याच उत्साहाने चालत राही आणि धोटा रिकामाच इकडून तिकडे धावत असे. म्हणून प्रत्येक मागापाशी एक जागरूक माणूस लागे आणि यंत्राने वाचवलेली मजुरी पहाऱ्यावर खर्ची पडे. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी १८४१-४२ च्या सुमारास ज्या सुधारणा केल्या, त्यांतून 'लँकेशायर माग' या नावाने ओळखला जाणारा नमुना तयार झाला. बाणा तुटताच मागाला थांबवणारी खात्रीची यंत्रणा हे त्याचे एक मुख्य अंग होते. भिवंडीत आजही चालणारे साधे माग कुळाने याच लँकेशायर मागाचे आहेत.

या यंत्रणेला कारखान्यात 'वेफ्ट फोर्क' म्हणतात, आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. मागाच्या एका बाजूला, चालू-बंद करण्याच्या दांड्याजवळ, बारीक दातांचा एक हलका काटा खिळीवर तोललेला असतो, आणि फणी ज्या हत्यावर बसवलेली असते त्या हत्याला नेमकी या काट्यासमोर एक छोटी जाळी असते. हत्या पुढे येतो तेव्हा जाळीसमोर बाण्याचा धागा आडवा ताणलेला असेल तर तो काट्याच्या दातांना मागे ढकलतो, काटा तराजूसारखा कलतो आणि त्याचे मागचे आकडेदार टोक वर उचलले जाते. धागा नसेल तर दात जाळीच्या फटींतून आरपार जातात, काटा कलत नाही आणि आकडा खालीच राहतो. तेवढ्यात खालच्या दंडगोल आसावरील कॅमने हलणारा एक हातोडा त्या आकड्यात अडकून त्याला मागे खेचतो, त्या ओढीने दांडा आपल्या खाचेतून सुटतो, पट्टा चालत्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकतो आणि ब्रेक लागून माग थांबतो. या रचनेत धाग्याचे नसणे हीच बातमी आहे : तीन-चार तोळ्यांच्या तोलावर ठरणारी ही बातमी मणामणाच्या लोखंडाला थांबवू शकते, कारण थांबवण्याची शक्ती काट्याची नसते, ती मागाच्याच गतीतून घेतलेली असते.

या काट्याच्या दोन मर्यादा पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की तो मागाच्या एकाच बाजूला असल्याने दोन फेऱ्यांतून एकदाच तपासणी करतो, त्यामुळे बातमी कळेपर्यंत एखादी फेरी रिकामी गेलेली असू शकते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे : धोट्यातील कांडी, म्हणजे बाण्याचे सूत गुंडाळलेली छोटी नळी, संपली तरीही काट्यासमोर धागा नसतो आणि माग थांबतो. कांडी संपणे हा बिघाड नव्हे. सुती बाण्याच्या मागावर ती दर काही मिनिटांनी घडणारी अगदी नेहमीची गोष्ट आहे. काट्याला तुटलेला धागा आणि संपलेली कांडी यांत फरक करता येत नाही. तो केवळ एका स्थितीची वर्दी देतो, आणि त्या स्थितीचा अर्थ मागापाशी आलेला कामगार लावतो.

'आर' भाषेतील ज्या व्यवस्थेला इंग्रजीत कंडिशन सिस्टिम म्हणतात, तिच्या नावात 'चूक' हा शब्द न येता 'स्थिती' हा व्यापक शब्द का आला, याचे उत्तर नेमके येथे सापडते. या व्यवस्थेत कंडिशन म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये उद्भवलेल्या एखाद्या स्थितीची वर्दी देणारी वस्तू होय; तिच्यासोबत एक मजकूर आणि ती कोणत्या फंक्शनच्या हाकेतून उद्भवली याची नोंद असते. तिचे नेहमीचे तीन प्रकार आहेत. 'स्टॉप' या फंक्शनने दिलेली वर्दी ही त्रुटी असते आणि तिची दखल कोणी घेतली नाही तर काम तिथेच बंद पडते. 'वॉर्निंग' या फंक्शनने दिलेला इशारा कामाला थांबवत नाही. आणि 'मेसेज' हा केवळ निरोप असतो. हे तिन्ही प्रकार एकाच कुळातले मानले असल्यामुळे वर्दी देणाऱ्या भागाला तिचा अंतिम अर्थ ठरवावा लागत नाही, आणि अर्थ लावणारा भाग त्याच्यापासून दूर, वेगळा ठेवता येतो.

लँकेशायर मागाने बाण्याचा प्रश्न सोडवला, पण ताण्याचा सोडवला नाही. बाण्याचा धागा एकच असतो, म्हणून त्याला एक काटा पुरतो; ताण्याचे धागे मात्र साध्या कापडातही हजारोंनी मोजावे लागतात, आणि त्यांपैकी एखादा तुटला तर कापड विणले जातच राहते, फक्त त्यात एक उभी फट पडते किंवा तुटलेले टोक शेजारच्या धाग्यांत गुंतून बरेच धागे न विणता तरंगत राहतात. ताण्यासाठी थांबा-यंत्रणा हवी असेल तर प्रत्येक धाग्यावर 'ड्रॉपर' नावाची एक पातळ पोलादी पट्टी ओवावी लागते. धागा ताणलेला असेपर्यंत ती त्याच्यावर लटकून राहते, तो तुटताच खाली पडते आणि खालच्या दातेरी दांड्याची हालचाल अडवून, किंवा विजेचे मंडल पूर्ण करून, मागाला थांबवते. अमेरिकेत १८९० च्या दशकात बाजारात आलेल्या नॉर्थ्रप मागाने स्वयंचलित कांडीबदलाच्या जोडीला ताण्याची अशी यंत्रणा दिली. जपानमध्ये साकिची टोयोडा याने १८९६ च्या आपल्या यंत्रमागावर बाण्याची थांबा-यंत्रणा बसवली आणि १९२४ च्या 'जी' प्रकारच्या स्वयंचलित मागापर्यंत तो विचार पूर्णत्वाला नेला. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या लँकेशायरच्याच कंपनीला विकले गेले. बिघाड झाल्यास यंत्राने स्वतःहून थांबावे हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत 'जिदोका' या नावाने प्रसिद्ध झाले, ते मूळचे मागावरचे आहे.

थांबा-यंत्रणा ही कामगाराच्या सोयीची वस्तू आहे असे वरवर पाहता वाटते, परंतु तिचा हिशेब नेहमी एका माणसाकडे किती माग द्यायचे या आकड्यात मांडला गेला. मुंबईच्या गिरण्यांत विणकराकडे साधारणतः दोन माग असत. मालकांनी ते तीन करण्याच्या योजना आणल्या तेव्हा त्यांच्याविरुद्धचा रोष १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुख्य कारणांपैकी एक ठरला. तिसऱ्या मागाचा अर्थ असा होता की चूक ओळखण्याचे काम पूर्वीइतकेच कामगाराच्या नजरेकडे राहणार होते आणि नजर मात्र तिघांत वाटली जाणार होती.

भिवंडीत यंत्रमाग १९३० च्या दशकात येऊ लागले, आणि ते प्रामुख्याने गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांच्या रूपाने आले. ज्या मागाला गिरणी जुना मानत होती तो हातमागाच्या मालकाला परवडत होता, विजेच्या मोटारीवर चालत होता आणि घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये मावत होता. (इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच यंत्रमाग सुरू केला होता, त्यामुळे महाराष्ट्रापुरती ही वाट अगदीच नवी नव्हती.) स्वातंत्र्यानंतर शासनाचे कापडविषयक धोरण हातमागाला संरक्षण देणारे आणि गिरण्यांच्या मागांवर मर्यादा घालणारे राहिले, या दोहोंच्या मधल्या जागेत यंत्रमाग वाढला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची कक्षा विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या जागेपासून सुरू होत असल्यामुळे माग लहान लहान घटकांत, अनेकदा एकाच कुटुंबातील निरनिराळ्या नावांवर, विभागून ठेवणे मालकांना सोयीचे वाटले. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेला संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो लांबत गेला तेव्हा गिरण्यांचे विणकाम भिवंडीच्या शेडमध्ये येऊ लागले आणि पुढे ते परत गेले नाही.

या वाढीत साध्या मागावर ताण्याची थांबा-यंत्रणा बसवली गेली नाही, आणि त्याची कारणे अज्ञानात शोधणे चुकीचे ठरेल. हजारो ड्रॉपरची किंमत ही त्यातली लहान बाब होती. बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, नवीन चढवताना प्रत्येक धागा हील्डच्या, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या तारेच्या, डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवावा लागतो. ड्रॉपर आले की त्यात तिसऱ्या ओवणीची भर पडते. शिवाय सूत हलके असेल आणि सायझिंग, म्हणजे ताण्याला दिलेली खळ, बेताची असेल तर धागे वारंवार तुटतात, आणि प्रत्येक वेळी थांबणारा माग दिवसाकाठी कमी कापड देतो. भिवंडीचा बहुतांश कारखानदार स्वतःचे कापड विकत नाही. तो व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने ग्रे, म्हणजे न धुतलेले कोरे, कापड विणून देतो. कामगारालाही मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते, तासांवर मिळत नाही. अशा रचनेत न थांबणाऱ्या मागाचा दोष पुढच्या कोणाच्या तरी पदरात पडतो, आणि थांबणाऱ्या मागाचे नुकसान मात्र त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये सोसावे लागते.

तो दोष किती मोठा असतो हे साध्या गणिताने दिसते. मिनिटाला १५० फेऱ्या मारणाऱ्या मागावर इंचाला ६० फेऱ्यांचे कापड विणले जात असेल तर मिनिटाला अडीच इंच कापड पुढे सरकते. सहा-आठ माग सांभाळणाऱ्या कामगाराला एका मागाची कांडी बदलून, दुसऱ्याचा तुटलेला बाणा जोडून, तिसऱ्याकडे जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, बोलावून परत यायला दहा मिनिटे लागली, तर तेवढ्यात पहिल्या मागावर तुटलेल्या एका उभ्या धाग्याची फट पंचवीस इंच लांब, म्हणजे साठ सेंटिमीटरहून अधिक, झालेली असते. ती मागावर कोणाला दिसली नाही तर दिसते ती फोल्डिंगच्या टेबलावर, जिथे तागा उलगडून तपासला जातो आणि घडी केला जातो. तोवर तो मागावरून केव्हाच उतरलेला असतो आणि दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. तिथे उरते ती फक्त नोंद आणि कापडाच्या भावातली कपात.

'आर' भाषेतील इशाऱ्यांची मूळ पद्धत या फोल्डिंगच्या टेबलाशी जुळते. एखाद्या फंक्शनने 'वॉर्निंग' दिली तर ती सामान्यतः लगेच छापली जात नाही. सगळे काम संपून वापरकर्त्याच्या ओळीवर परत येईपर्यंत इशारे साठवले जातात, त्यांची संख्या जास्त असेल तर केवळ किती होते एवढेच सांगितले जाते, आणि साठवणही सामान्यतः पन्नासांपाशी थांबते. आकड्यांच्या स्तंभात चुकून आलेल्या अक्षरांचे रूपांतर करताना भाषा त्या जागी 'एन-ए', म्हणजे 'मूल्य उपलब्ध नाही', अशी खूण ठेवते, इशारा नोंदवते आणि पुढे जाते. ती खूण मग बेरजेत, सरासरीत आणि आलेखात पाझरत राहते. याहून सूक्ष्म प्रकार असा की सात आकड्यांच्या मालिकेत तीन आकड्यांची मालिका मिळवली तर भाषा लहान मालिका पुनःपुन्हा वापरून बेरीज पुरी करते आणि लांबी नीट विभागली जात नाही असा इशारा देते. परंतु सहामध्ये तीन मिळवले तर तसाच पुनर्वापर होऊनही इशारा येत नाही. पहिली चूक फोल्डिंगच्या टेबलावर तरी दिसते. दुसरी ड्रॉपर नसलेल्या मागावरच्या उभ्या धाग्यासारखी निःशब्द असते. इशारे साठवण्याऐवजी ताबडतोब दाखवण्याची, किंवा प्रत्येक इशाऱ्याला त्रुटी मानून काम तिथेच थांबवण्याची सोय या भाषेत एक सेटिंग बदलून मिळते. मात्र ती सेटिंग मुळात तशी नसते, हा निर्णय साध्या मागाच्या मालकाने घेतलेल्या निर्णयाच्या जातीचा आहे, कारण शोधक वृत्तीने आकड्यांशी खेळणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला पावलोपावली थांबणारे साधन नको असते.

ही व्यवस्था 'आर'मध्ये कशी आली याचा इतिहास चार टप्प्यांचा आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या पी-एल-वन या भाषेने 'अमुक स्थिती उद्भवल्यास अमुक करा' असे आगाऊ लिहून ठेवण्याची सोय दिली. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ याने अपवादांच्या हाताळणीची जी पद्धतशीर मांडणी केली, तीत चूक घडल्यावर ते काम सोडून बाहेर पडणे आणि चूक निस्तरून त्याच ठिकाणाहून पुढे जाणे या दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. त्यानंतरच्या बहुतेक लोकप्रिय भाषांनी पहिली, सोपी वाट स्वीकारली. दुसरी वाट लिस्प या भाषेच्या परंपरेने जपली, आणि कॉमन लिस्पच्या १९९४ च्या प्रमाणित रूपात केंट पिटमन यांच्या पुढाकाराने घडलेली संपूर्ण कंडिशन व्यवस्था आली. दरम्यान बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ पासून जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रासाठी 'एस' ही भाषा घडवली होती. तिच्या वळणावर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी 'आर' तयार केली, जिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या 'आर'मध्ये थांबण्याची आणि थांबणे झेलण्याची साधने 'एस'च्या वळणाची, म्हणजे साध्या मागाच्या तोडीची होती. त्यानंतरच्या काही वर्षांत ल्यूक टिअर्नी यांनी जेंटलमन यांच्यासह कॉमन लिस्पच्या नमुन्यावर कंडिशन व्यवस्थेचे प्रारूप तयार केले आणि ते चालत्या भाषेवर मागाहून चढवले गेले.

या व्यवस्थेचे मर्म असे की एकाच वर्दीला दोन तऱ्हांनी उत्तर देता येते. 'ट्रायकॅच' या फंक्शनने नेमलेला हँडलर, म्हणजे वर्दीची दखल घेणारा भाग, जागा होतो तेव्हा चालू काम टाकून दिले जाते, एकातून एक हाक मारत खोलवर गेलेली फंक्शनांची चळत मोडली जाते आणि सूत्रे जिथे 'ट्रायकॅच' लिहिले होते त्या वरच्या पातळीवर परत येतात. मागाच्या भाषेत हे बिघडलेला बीमच उतरवून ठेवण्यासारखे आहे. 'विथ कॉलिंग हँडलर्स' या फंक्शनने नेमलेला हँडलर मात्र वर्दी जिथे उद्भवली तिथेच, सगळी चळत जशीच्या तशी उभी असताना, बोलावला जातो. काय बिघडले ते पाहतो, नोंद करतो, आणि हवे तर 'रीस्टार्ट'ने, म्हणजे खालच्या कोडने आगाऊ आखून ठेवलेल्या पुनरारंभाच्या वाटेने, काम पुढे चालवतो. इशाऱ्यासाठी अशी एक वाट नेहमीच तयार ठेवलेली असते, जिने इशारा गिळून काम पुढे जाते. येथे श्रमविभागणी स्पष्ट आहे : पुनरारंभ कसा करता येईल हे खालच्या कोडला माहीत असते, कारण धागा त्याच्या हातात तुटलेला असतो; आणि पुनरारंभ करावा की नाही हे वरच्या कोडला माहीत असते, कारण कापड कशासाठी विणले जात आहे याचे ज्ञान त्याच्याकडे असते. एकाच वर्दीसाठी अनेक हँडलर नेमले असतील तर सर्वांत जवळचा आधी विचारला जातो आणि त्याने हात झटकले तर वर्दी पुढच्याकडे जाते. शेडमध्येही तुटलेला धागा कामगाराकडे, बिघडलेली चाल जॉबरकडे आणि वारंवार तुटणारे सूत शेवटी मालकामार्फत व्यापाऱ्याकडे जाते.

थांबलेला माग पुन्हा चालू करणे हे मात्र विनाखर्चाचे काम नसते. तुटलेला बाणा काढून टाकला, चक्र हाताने मागे फिरवून योग्य फेरीपर्यंत आणले आणि कापड गुंडाळणाऱ्या चक्राचे मोजके दाते मागे घेतले, तरी थांबलेल्या वेळात ताण बदललेला असतो आणि पहिल्या काही फेऱ्यांना फणीचा ठोका पूर्ण जोराचा बसत नाही. त्यामुळे जिथे माग थांबून सुरू झाला तिथे कापडात एक पातळ किंवा दाट आडवी पट्टी उमटू शकते. कसबी कामगाराची ओळख या पट्टीच्या नसण्यावरून होते. प्रोग्रॅममध्येही अर्धवट लिहिलेली फाइल, उघडे राहिलेले जोडणीचे दार, बदललेली आणि परत न केलेली सेटिंग ही अशीच पट्टी असते, आणि तिच्यासाठी 'आर'मध्ये 'फायनली' व 'ऑन एक्झिट' या तरतुदी आहेत. काम नीट संपो वा मध्येच तुटो, बाहेर पडताना त्यांतली आवराआवर व्हायचीच. वीज गेली की सर्व मागांचे दांडे बंद स्थितीत आणून ठेवण्याची शेडमधली शिस्त याच प्रकारची आहे, कारण धोटा ताण्याच्या मधोमध अडकलेला असताना वीज परतली आणि माग आपोआप हलला तर एका धाग्याऐवजी शेकडो धागे तुटतात.

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'पॉवरटेक्स इंडिया' या योजनेचा शुभारंभ भिवंडीत केला. या योजनेच्या एका भागात साध्या मागाला जागच्या जागी सुधारून अर्धस्वयंचलित करण्यासाठी अनुदान होते, आणि बसवायच्या जोडसाहित्यात बाण्याची थांबा-यंत्रणा, ताण्याची थांबा-यंत्रणा आणि परिणामकारक ब्रेक यांचा समावेश होता. म्हणजे ब्लॅकबर्नमध्ये १८४० च्या दशकात आणि अमेरिकेत १८९० च्या दशकात मागाचा भाग झालेली साधने भिवंडीच्या मागावर एकविसाव्या शतकात सरकारी मदतीने चढवावी लागत होती. बाण्याची यंत्रणाही त्यात असणे हे सुचवते की लँकेशायर मागाने मूळचा दिलेला काटाही अनेक मागांवरून काळाच्या ओघात नाहीसा किंवा निकामी झाला होता. चालत्या रचनेवर वर्दीची व्यवस्था मागाहून चढवण्याचा हा उद्योग 'आर'च्या इतिहासाशी समांतर आहे, आणि तिथेही तो संपलेला नाही : संपूर्ण सत्रासाठी एकदाच हँडलर नेमण्याची सोय त्या भाषेत २०२० च्या ४.० आवृत्तीत आली.

दोन्ही इतिहासांतला फरक थांबण्याच्या किमतीत आहे. प्रोग्रॅम थांबला तर तो लिहिणाऱ्याचा काही वेळ जातो, आणि तोच माणूस थांबायचे की नाही हे ठरवणाराही असतो. म्हणून त्याला इशाऱ्यांची त्रुटी करून घेणे परवडते. मापावर मजुरी घेणाऱ्या कामगाराच्या मागावर ड्रॉपर बसवले तर प्रत्येक तुटलेला धागा त्याच्या दिवसाच्या मापातून वजा होतो, तर सूत कोणत्या प्रतीचे आणायचे, खळ किती द्यायची आणि एकाकडे किती माग ठेवायचे हे निर्णय त्याच्या हाती नसतात. थांबा-यंत्रणा मागावर बसते तेव्हा तिच्यासोबत मजुरीचा दरही बदलावा लागतो; तो बदलला नाही, तर पडलेला ड्रॉपर पुन्हा वर बांधून ठेवण्याइतका साधा उपाय शेडमधल्या कोणत्याही हाताला सुचू शकतो, आणि मग माग पूर्वीसारखाच, धागा तुटल्याची बातमी कोणालाही न देता, चालत राहतो.